अजून नाही

घाटंजीला आमचं घर बाजाराच्या रस्त्यावर होतं. पुढे बाबांचं दुकान आणि मागच्या खोल्यांत आम्ही. दुकान म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक लाकडी बाक आणि भिंतीला टांगलेले फवारणीचे पंप. आसपासच्या खेड्यांतून कापूसवाले शेतकरी पाठीवरचे पंप दुरुस्तीला आणायचे. बाबा वायसर बदलायचे, नळी काढून फुंकून पाहायचे आणि शेवटी पंपात साधं पाणी भरून दांडा हलवायचे. खचक, खचक, खचक, आणि मग समोरच्या कडुलिंबाच्या बुंध्यावर बारीक फवारा. फवारणीच्या दिवसांत हा आवाज सकाळपासून दिवे लागेपर्यंत चालायचा. मी त्याच आवाजात अभ्यास केला. आजही मला अगदी शांत खोलीत बसवलं तर वाचनात लक्ष लागत नाही. पंपांबरोबर औषधाचा एक उग्र वास घरात यायचा आणि कपड्यांना, उशांना, कधीकधी भाकरीलाही लागायचा. आई त्यावरून रोज बोलायची आणि बाबा रोज ऐकून घ्यायचे.

चहा आमच्याकडे गुळाचा व्हायचा. पाहुणे आले तरच शेजारच्या दुकानातून साखरेची पुडी यायची, आणि उरलेली साखर आई पुन्हा कागदात बांधून वर ठेवायची. हे मुद्दाम सांगते आहे, कारण ज्या आजाराबद्दल लिहायला बसले आहे त्याला आमच्या घरात नुसतं 'साखर' म्हणायचे. आजोबा साखरेनं गेले. मोठे काका साखरेनं गेले, तेही ऐन उमेदीत. दोघेही काडीसारखे बारीक होते. आणि घरात होती आत्या, बाबांची मोठी बहीण. नवरा गेल्यावर ती आमच्याकडेच राहायला आली होती. तिच्या मनगटातून बांगडी कोपरापर्यंत सहज चढायची. गावातल्या डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की हा खाऊनपिऊन सुस्त झालेल्या माणसांचा आजार आहे. आत्या ते ऐकून आली आणि दिवसभर चिडचिड करत राहिली. "साखर कव्हा जिभेवर ठेवली नाही म्या," ती म्हणायची, "अन् रोग कोणता झाला तं साखरेचा. कोणाचा रोग मले देला यायनं, काय मालूम."

तिचं जेवण म्हणजे ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी आणि पातळ वरण. भात बंद होता आणि तिला भाताशिवाय दुसरं काही आवडत नव्हतं. रविवारी, बाजाराच्या दिवशी, आई आमच्यासाठी भात टाकायची आणि त्याच्या वाफेनं आत्या कासावीस व्हायची. मग एखादा घास मागायची, आई नाही म्हणायची आणि दोघींचं वाजायचं. माझी मोठी बहीण शालूताई ताट वाढायला असली की भाजीखाली मूठभर भात दडवून द्यायची. आत्या तो न बोलता खायची. आईला ते दिसायचं, असं मला आता वाटतं.

शालूताई बारावी झाली होती आणि घरी मशीनवर ब्लाऊज शिवायची. उंच, सडपातळ, आणि हसली की दुकानात बसलेल्या गिऱ्हाइकांनाही ऐकू जायचं. तिची सोयरीक बोरी अरबच्या रमेशशी जुळली होती. तो जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होता. पाहायला आला तेव्हा त्यानं तिला विचारलं होतं, "शिवण तुमी मापानं शिवता का अंदाजानं?" आणि ताईनं सांगितलं होतं, "मापानं. अंदाजानं नवरे पाहते लोक." सगळी बैठक हसली होती, रमेश सगळ्यात जास्त. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, दिवाळीनंतर ठरलं. ताईनं स्वतःच्या ब्लाऊजचं कापड आणून ठेवलं, पण कापलं नव्हतं. रोज काढून पाहायची आणि परत घडी करायची.

त्या उन्हाळ्यात आत्याच्या पायाला बाभळीचा काटा लागला. काटा निघाला, जखम राहिली. पाय सुजला, मग बोटं काळी पडली, आणि यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात तिचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तिथल्या एका डॉक्टरनं बाबांना बसवून घरातल्या माणसांची चौकशी केली. कोण कशानं गेलं, किती बारीक होतं, लहान वयात कोणाला झालं. त्यानं सगळं ऐकून सांगितलं की नागपूरच्या एका संस्थेत असल्याच घरांचा अभ्यास चालू आहे, ते लोक तुमच्याकडे येतील, नाही म्हणू नका. आईचा विरोध होता. हो म्हणाली ती आत्या. खाटेवर पडल्यापडल्या म्हणाली, "माहा पाय गेला तं गेला. पण काहून गेला हे तरी समजू द्या. पोट्टीयायचे पाय तरी राहतीन."

मी तेव्हा यवतमाळला बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते आणि सुट्टीत घरी आले होते. जीप आली त्या दिवशी मला केवढं कौतुक वाटलं होतं. डॉ. इनामदार नावाच्या एक बाई उतरल्या, सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा, पायात मळकट कॅनव्हासचे बूट. बरोबर एक मदतनीस आणि बर्फाची पेटी. आम्हा सगळ्यांना उपाशीपोटी बसवून रक्त घेतलं, मग ग्लुकोजचं पाणी पाजलं आणि पुन्हा रक्त घेतलं. ते पाणी इतकं गोड होतं की ताईला ओकारी आली. आत्या तेवढ्यातही म्हणाली, "मले नाही देत, अन् ज्याले नको त्याले पाजून राह्यले."

मग मॅडमनी ओट्यावर एक मोठा कागद पसरला आणि आमच्या घराचं झाड काढायला घेतलं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. ज्याला साखर त्याचा चौकोन किंवा गोल काळा करायचा. आजोबांचा चौकोन काळा झाला, काकांचा झाला, आत्याचा गोल झाला. आजोबांची एक बहीण होती, तिचा झाला. बाबांचा पांढरा राहिला, आमचे दोघींचे पांढरे राहिले. हे सगळं ओट्यावर, भर दुपारी, आणि भोवती अर्धा मोहल्ला उभा. जीप म्हणजे तेव्हा तमाशाच. शेजारच्या एका बाईनं वाकून ताईच्या गोलावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे खाली काहून हाये, काळं नाही केलं?"

मॅडम आत्याशी बोलत होत्या. उत्तर मदतनिसानं दिलं. "हिला अजून नाही," तो म्हणाला.

त्या पोराचं काही चुकलं असं मी म्हणू शकत नाही. पुढे मीही याच संशोधनात आले, आणि आमच्या धंद्यात आम्ही सगळे असंच बोलतो. निरोगी माणसाला 'निरोगी' म्हणण्याऐवजी 'अजून झालेला नाही' म्हणतो, कारण शास्त्राच्या दृष्टीनं तेच खरं असतं. पण घाटंजीच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या बायांना त्यातला 'नाही' ऐकूच गेला नाही. त्यांनी 'अजून' तेवढं उचललं आणि नेलं. बोरी अरब काही लांब नाही, आणि सोयरेधायरे तर सगळीकडेच असतात.

साधारण पंधरवड्यानं रमेशचे मामा आले. जाडजूड, सावकाश बोलणारे गृहस्थ. "जय भीम भाऊ," म्हणत दुकानातल्या बाकावरच बसले, आत आले नाहीत, तेव्हाच आईचा चेहरा उतरला. चहा झाला. पाऊसपाण्याचं बोलून झालं. मग मामा म्हणाले, "भाऊ, राग मानू नका. पोरगी आमाले पसंत हाये. पण आयकण्यात आलं का तुमच्या घरी कायतरी खानदानी रोग हाये, अन् नागपूरचे डॉक्टर येऊन रक्त घेऊन गेले."

"खानदानी काय त्यात," बाबा म्हणाले. "साखर हाये. ते बी साऱ्यायले नाही."

"तेच तं. कोणाले हाये, कोणाले नाही, हे डॉक्टरले समजलंच असंन. पोरीले होणार नाही एवढं त्यायच्यापासून लिहून आना. मंग आमी मोकळे अन् तुमी बी मोकळे."

बाबांना ते अगदी रास्त वाटलं. मलाही वाटलं. रक्त घेतलं आहे, तपासलं असणार, तपासलं म्हणजे कळलं असणार. मामा गेल्यावर बाबा आईला म्हणाले, "एवढंच ना. आनतो लिहून." त्यांच्यासाठी पंप उघडला की दोष दिसतो, आणि दिसला की सांगता येतो. डॉक्टरचं तेच काम असतं, फक्त जास्त शिकून.

आम्ही तिघं नागपूरला गेलो, बाबा, ताई आणि मी. संस्थेची इमारत लांबलचक, आत गार, आणि कुठल्यातरी यंत्राची सारखी घरघर. वॉचमननं बराच वेळ बाहेर बसवून ठेवलं. बाबा धुतलेला सदरा घालून आले होते, तरी त्यांना औषधाचा वास येत होता आणि येणारेजाणारे आमच्याकडे पाहत होते. मॅडमनी मात्र आम्हाला लगेच ओळखलं. ताईला नावानं हाक मारली, आत्याच्या जखमेची चौकशी केली, चहा मागवला. बाबांनी सगळं सांगितलं, मामांचं बोलणं जसंच्या तसं, आणि म्हणाले, "तं मॅडम, रक्त तुमच्यापाशीच हाये. पाहून सांगा."

मॅडमनी चहाचा कप बाजूला ठेवला. "भाऊ, ते रक्तात असं दिसत नाही."

"म्हंजे?"

"काही आजार तसे असतात. सिकलसेल तुम्हाला माहीत असेल. त्याची तपासणी केली तर आहे की नाही ते मी लगेच सांगू शकते. साखरेचं तसं नाही. ती पुष्कळ गोष्टी मिळून होते. थोडं आईकडून येतं, थोडं वडिलांकडून, थोडं खाण्यापिण्यातून, थोडं आणखी कशाकशातून. त्यातली रक्तातली एकही गोष्ट आम्हाला अजून नीट सापडलेली नाही."

"मंग आमचं रक्त कायले नेलं?"

"सापडावी म्हणून."

"कव्हा सापडंन?"

"सांगता येत नाही. दहा वर्षं लागतील, कदाचित वीस."

"पोट्टीचं साक्षगंध दिवाळीनंतर हाये," बाबा म्हणाले.

मॅडम काही बोलल्या नाहीत. मी त्यांच्याकडे पाहत होते आणि मला त्यांचा फार राग आला होता. एवढी मोठी इमारत, एवढी यंत्रं, आत्याच्या कापलेल्या पायाचे फोटो, आमच्या घराचं काळंपांढरं झाड, सगळं यांच्याजवळ, आणि एका साध्या प्रश्नाला उत्तर नाही. बाबा खुर्चीत पुढे सरकले. त्यांच्या आवाजात दुकानातली अजिजी आली, गिऱ्हाइकाला समजावतानाची.

"एक ओळ तं लिहायची हाये, मॅडम. हिले होणार नाही, एवढंच. तुमचं त्याच्यात काय जाते?"

"भाऊ, ते खोटं होईल."

"मंग होईल असं लिहा. कायतरी तं लिहा."

"तेही खोटंच होईल," मॅडम म्हणाल्या. मग ताईकडे वळून त्यांनी सांगितलं, की तुझी आजची साखर अगदी ठीक आहे, दरवर्षी तपासत जा, चालत जा, एवढंच मी सांगू शकते. आणि कागदावर तसं लिहून दिलं, आजच्या तारखेस रक्तातील साखरेचे प्रमाण सामान्य आहे, खाली सही आणि शिक्का. बाबांनी तो कागद घडी न करता हातात धरला.

बसस्टँडवर आम्ही आलुबोंडे घेतले. ताईनं सबंध दिवसात पहिल्यांदा तोंड उघडलं. "त्या बाई खोटं बोलल्या असत्या तं चाललं असतं," ती म्हणाली आणि आलुबोंडा खाऊ लागली. मी जन्मभर ज्यांच्याबरोबर काम केलं त्या लोकांना हे वाक्य सांगितलं तर ते हसतात, त्यांना ते भोळं वाटतं. मला ते तेव्हाही भोळं वाटलं नाही, आजही वाटत नाही. खोट्याची किंमत मॅडमना पडली असती. खऱ्याची आम्हाला पडली.

मामांनी तो कागद दोनदा वाचला. "आजच्या तारखेस," ते म्हणाले. "आजचं तं आमाले बी दिसते, भाऊ." आणि परत दिला.

त्यानंतरच्या रविवारी रमेश स्वतः दुकानात आला. बाजाराची गर्दी होती, बाकावर पंप घेऊन माणसं बसलेली, त्यामुळे तो बाजूला पंपांच्या सुट्या भागांच्या पेटीवर टेकला. बाबांशी थोडं इकडचंतिकडचं बोलला. मग मला म्हणाला, "तू सायन्सले हायेस ना? मले एवढं सांग. शंभरातून किती चान्स असते?"

मला माहीत नव्हतं. मॅडमनाही नव्हतं. मी म्हटलं, "इतरांपेक्षा जास्त असते म्हणतात."

"पण किती जास्त?"

"ते सांगता येत नाही."

तो चिडला नाही, फक्त थकल्यासारखा दिसला. "मले काही नाही वाटत," तो म्हणाला. "मी घरी तेच सांगून राह्यलो. पण ते आकडा मांगते. कमी असला असता तं मी भांडलो असतो." ताई दाराआड उभी होती. तिला सगळं ऐकू गेलं. रमेशला ती तिथे आहे हे कळलं असावं, कारण जाताना तो थोडा थांबला, दाराकडे पाहिलं, आणि मग पायरी उतरून गर्दीत गेला. तो वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर मला इतकी वर्षं त्याच्यावर चिडता तरी आलं असतं.

नकार निरोपानंच आला, कोणी यायची तसदी घेतली नाही. त्या दिवशी आईनं भात टाकला, भरपूर, आणि पहिलं ताट आत्यासमोर आदळलं. "घ्या," ती म्हणाली, "पोटभर खा. आता लपवासारखं काही राह्यलं नाही." आत्यानं ताट दूर सारलं. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण आवाज नव्हता. बाबा मध्ये पडले, "तिचा काय गुन्हा हाये त्याच्यात," तर आई त्यांच्यावर उसळली, की गुन्हा कोणाचा आहे ते तरी सांगा मग, डॉक्टरीनबाईचा, का तुमच्या बापाचा. तो प्रश्न पुष्कळ दिवस घरात फिरत राहिला. आई आत्याशी नीट बोलेनाशी झाली. आत्या फार जगली नाही. दुसऱ्या पायालाही जखम झाली होती आणि या खेपेला तिनं दवाखान्यात जायला नकार दिला.

ताई रडली असेल तर मी पाहिली नाही. तिनं एकच गोष्ट लावून धरली. "माहा फोटो वापस आना," ती बाबांना म्हणाली. यवतमाळच्या स्टुडिओत काढलेला तो फोटो, पाहणीच्या वेळी त्यांना दिलेला. बाबा टाळत राहिले, ती मागत राहिली. शेवटी बाबा बोरी अरबला गेले, आणि मोकळ्या हातानं परत आले. रमेशच्या आईनं कपाट, ट्रंक, सगळं पाहिलं म्हणे, फोटो कुठे ठेवला ते आठवत नाही. ताई ते ऐकून मशीनवर जाऊन बसली. एवढ्या सगळ्यात तिला सगळ्यात जास्त ते लागलं, असं तिनं मला फार वर्षांनी सांगितलं. नकार देणाऱ्यांना कारण तरी होतं. फोटो मात्र त्यांनी नुसताच हरवला.

मी या शास्त्रात आले ती चिडून आले. लोक मला विचारतात, प्रेरणा कोणाची. मी आत्याचं नाव सांगते, ते ऐकायला बरं वाटतं, आणि खोटंही नाही. पण खरी गोष्ट ही आहे की मला त्या खुर्चीवर बसून हो किंवा नाही म्हणायचं होतं. मॅडमना जमलं नाही ते मला जमेल अशी माझी खात्री होती. पुढे मी त्यांच्याच संस्थेत गेले. तोपर्यंत त्या निवृत्त झाल्या होत्या. एकदा त्यांच्या घरी गेले तर म्हणाल्या, "तुझ्या वडिलांचा चेहरा मी विसरलेले नाही." मी म्हटलं, तेही तुम्हाला विसरले नव्हते. बाबा तेव्हा नुकतेच गेले होते. त्यांचाही चौकोन शेवटी काळा झाला, म्हातारपणी, मूत्रपिंडं निकामी होऊन.

आणि आम्ही शोधलं काय? सुरुवातीला वाटायचं, एक दोष असेल, फार तर दोन-तीन. आमच्या घरासारख्या घरांतून तो हाताला लागेल. जनुकांतली एक जागा सापडली असं वाटलं, दुसऱ्या गावातल्या लोकांत ती टिकली नाही. यंत्रं बदलली, आधी वर्ष लागायचं ते काम आठवड्यात होऊ लागलं, जगभरातली लाखो माणसं तपासली गेली, आणि जागा सापडत गेल्या, शेकडो. प्रत्येकीचा हात अगदी किंचित. एकेकीची बेरीज करून आकडा काढता येतो आता, रमेशनं मागितला होता तसा. पण तो आकडा गर्दीबद्दल बोलतो. समोर बसलेल्या एका माणसाबद्दल विचारलं की तो बाबांसमोर बसलेल्या मॅडमसारखाच गप्प होतो. आईच्या पोटात असताना आत्याला किती अन्न मिळालं होतं, आमच्या घरात भरून राहिलेल्या त्या वासाचा काही वाटा होता का, हे आम्ही कधी मोजलंच नाही. आता मोजायला त्यातलं कोणी उरलेलं नाही. हल्ली लोक कुठल्याशा कंपनीला थुंकी पाठवून अहवाल मागवतात आणि मला फोनवर त्याचा फोटो पाठवतात. "मॅडम, लाल दाखवलंय, आता काय?" मी तेच सांगते, दरवर्षी तपासा, चाला. पलीकडून जी शांतता येते ती मी ओळखते.

चाळिशीच्या आधीच मला सतत तहान लागू लागली. मी तेव्हा खेड्यांतून नमुने गोळा करत होते, आणि लोकांची बोटं टोचायचं यंत्र हाताशीच होतं. बोट टोचून पाहिलं, साखर होती. मी बारीकच होते, दिवसभर पायी फिरायचे, साखर जवळजवळ खातच नव्हते. शालूताईला मात्र साखर झाली नाही. तिचं पुढे पांढरकवड्याच्या एका एस.टी. कंडक्टरशी लग्न झालं. त्यानं फक्त भाकरी येते का एवढंच विचारलं होतं. ती अजून चहात दोन चमचे साखर घालते, मशीनवर बसून असते, आणि दरवर्षी तपासणीला मीच तिला ओढून नेते. दरवर्षी सामान्य.

गेल्या वर्षी मी तिला विचारलं, की आपल्या दोघींचं रक्त नव्या पद्धतीनं तपासून पाहू का. तिनं हात पुढे केला, बस्स. निकाल आला तो मी चार वेळा तपासला, मग दुसऱ्या प्रयोगशाळेतून करून घेतला. ताईचा आकडा वर होता, पुष्कळ वर. माझा मधला, चारचौघांसारखा. रमेशच्या घरी तो आकडा तेव्हा मिळाला असता तर त्यांनी सोयरीक मोडलीच असती, आणि अगदी शास्त्राच्या आधारानं मोडली असती.

हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं म्हणून मी पांढरकवड्याला गेले. ताई बेसनाच्या पातोडीचा रस्सा करत होती. मी ओट्याजवळ खुर्ची घेऊन बसले आणि सगळं सांगितलं. तिनं गॅस बारीक केला.

"म्हंजे माहं जास्त हाये?"

"हो."

"अन् झाली तुले."

"हो."

"काहून?"

"माहीत नाही, ताई."

ती माझ्याकडे पाहत राहिली. रागावली आहे की नाही ते मला कळेना. "मंग एवढे वर्षं तू तठी काय करून राह्यली, बाप्पा?" ती म्हणाली. मी बोलायला तोंड उघडलं, जागा, बेरीज, लाखो माणसं, हे सगळं सांगायला, आणि मिटलं. तिनं माझ्या हातातला निकालाचा कागद घेतला, चष्मा नसल्यानं लांब धरून पाहिला.

"याच्यात प्राचीचं काही दिसते काय?" तिनं विचारलं. प्राची तिची मुलगी, बाहेरच्या खोलीत फोनवर कोणाशी तरी हसत होती.

"नाही. तिचं वेगळं तपासावं लागेल. तपासलं तरी असंच काहीतरी येईल."

ताईनं कागदाची घडी केली आणि माझ्या पिशवीत खोचली. "मंग राहू दे," ती म्हणाली. "ताटं घे."

मी पोटाला इन्सुलिनची सुई टोचून घेतली, हात धुतले, आणि ताटं मांडायला घेतली.